वखारीतील कायदा

कायदा करणे आणि कायदा चालविणे या दोन निराळ्या गोष्टी होत. मालकाची कर्तव्ये पुस्तकात नोंदविली म्हणजे ती पार पडतातच असे नाही. त्याच्या दारातून आत जाण्याचा, हिशेबाच्या वह्या मागण्याचा आणि कसूर आढळल्यास खटला भरण्याचा अधिकार कोणास तरी द्यावा लागतो. असा अधिकार नसेल, किंवा असूनही तो वापरला जात नसेल, तर कर्तव्य हा केवळ उपदेश ठरतो. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे याचे उत्तम उदाहरण आहे.

निपाणी ही तंबाखूची पेठ. भोवतालच्या शेतांतील माल येथील वखारींत येतो. तेथे तो कुटून, चाळून विडीसाठी तयार होतो. या मालावर सरकारची नजर फार पूर्वी पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, तंबाखूवर मध्यवर्ती अबकारी कर बसला आणि १९४४ च्या कायद्याने त्याची चौकट पक्की झाली. पिकाची नोंद करावी लागे, वखारीस परवाना लागे, आणि कराची व्यवस्था लागल्यावाचून माल हलविता येत नसे. झडती व जप्ती यांचे अधिकार अंमलदारांच्या हाती होते. १९७९ च्या अंदाजपत्रकाने कच्च्या मालावरील हा कर उठविला; पण तोवर पस्तीस वर्षे वखारीतील पानापानाचा हिशेब सरकारदरबारी होता.

त्याच वखारीत तंबाखूच्या धुळीत बसून काम करणाऱ्या बायांचा हिशेब कोणी ठेवला?

कागदोपत्री तोही होता. यंत्रशक्ती असल्यास दहा आणि नसल्यास वीस कामगार जेथे राबतात, तेथे १९४८ चा कारखाने कायदा लागू होई. धूळ बाहेर काढण्याची तजवीज आणि आठवड्याची सुटी ही मालकाची कर्तव्ये होती. कारखान्यातील सूचनाफलक इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावेत, असेही हा कायदा सांगे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. राज्यकारभाराची भाषा बदलली, पण वखारीतील बाईची मराठी बदलली नाही. अशा सीमाभागात या लहानशा कलमाचे मोल फार मोठे.

परंतु त्याच कायद्यात एक अडसर होता. निरीक्षकाने फिर्याद दिल्यावाचून किंवा त्याची लेखी पूर्वसंमती असल्यावाचून न्यायालयास गुन्ह्याची दखल घेता येत नसे. म्हणजे ज्या बाईच्या छातीत धूळ जाई, तिला स्वतःच्या बळावर मालकाला कोर्टात खेचता येत नसे. निरीक्षक आला तर कायदा आला. तो न आला तर फलक भिंतीवर आणि धूळ हवेत. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रिया संघटित होऊन रस्त्यावर उतरल्या, त्याचे मर्म येथे आहे. त्यांच्या लढ्यावर युगांतर या गटाने १९८२ साली अनुबोधपट काढला.

वखारीला निदान दार तरी आहे. घरोघर विडी वळणाऱ्या बाईचे काय? पाने, तंबाखू व दोरा ठेकेदाराकडून आणावयाचा, विड्या वळून द्यावयाच्या, आणि छाट म्हणून जे बाजूला पडेल त्याची मजुरी सोडावयाची, असा हा व्यवहार. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली झालेल्या कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले, आणि छाटीच्या तंट्यासाठी दाद मागण्याची वाट ठेवली. निरीक्षकास कामगाराच्या राहत्या घरातही जाण्याचा अधिकार दिला. मालकाच्या पहिल्या गुन्ह्यास मात्र दंड ठेवला तो फार तर २५० रुपयांचा. अधिकाराचा हात लांब, पण मूठ सैल, असे हे रूप होते.

या संदर्भात फ्रान्सचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे १८९२ च्या कायद्याने श्रमनिरीक्षकांचे राष्ट्रीय दल उभे राहिले. तेथील श्रमसंहिता निरीक्षकास कामाच्या जागी प्रवेशाचा हक्क देते. परंतु काम राहत्या घरात चालत असेल, तर घरच्या माणसांच्या अनुमतीवाचून तो उंबरठा ओलांडू शकत नाही. मालकाची चौकशी करताना कामगाराच्या घराची अब्रू राखावी, हा त्यातील विवेक आहे.

आपल्याकडे २०२० ची नवी श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि हे जुने कायदे तिच्यात विलीन झाले. निरीक्षक आता मार्गदर्शकही झाला आहे. कारखान्याची मर्यादा दहा-वीसवरून वीस-चाळीस कामगारांवर गेली आहे. लहान वखारींच्या दृष्टीने हा बदल साधा नव्हे.

मालकाला मार्गदर्शन अवश्य मिळावे. तथापि मार्गदर्शन म्हणजे देखरेख नव्हे. कराच्या काळात सरकार तंबाखूच्या प्रत्येक पोत्यापर्यंत पोहोचू शकत होते. मग पोत्याशेजारी बसलेल्या बाईपर्यंत पोहोचणे त्याच्या शक्तीबाहेरचे कसे म्हणावे? कमी पडली ती शक्ती नव्हे, इच्छा. नव्या संहितेची कसोटी निपाणीच्या वखारीत लागेल, आणि ती त्या इच्छेचीच कसोटी असेल.