पाण्यातील एक कण आणि बालकांचे दात
(व्याख्यानाचा सारांश)



सन 1901 मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्स या गावी व्यवसायासाठी आला. तेथे जन्मलेल्या अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग त्यास आढळले. घासून जाणारे ते डाग नव्हते. कापडावर पक्का रंग चढावा तसे ते दातात मुरलेले होते. पुढे एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली, ती म्हणजे हे डागाळलेले दात सहसा किडत नसत!

1923 मध्ये आयडाहो प्रांतातील ओकली गावच्या पालकांनी मॅके यांस सांगितले की, गरम पाण्याच्या झऱ्यावरून नळ आणल्यापासून मुलांच्या दातांवर डाग येऊ लागले. मॅके यांनी तो झरा सोडून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेण्याचा सल्ला दिला. गावाने तो मानला, आणि काही वर्षांतच लहान मुलांचे नवे दात स्वच्छ येऊ लागले. म्हणजे दोष पाण्यात होता हे ठरले, परंतु पाण्यातील नेमक्या कोणत्या द्रव्यात, हे उमगेना.

ते कोडे सुटले 1931 मध्ये, आणि तेही एका व्यापारी चिंतेपोटी. बॉक्साइट नावाच्या कंपनीच्या गावात असेच डाग दिसू लागले होते. ॲल्युमिनियमची भांडी विषारी असल्याचा प्रवाद आधीच पसरलेला होता, आणि त्यात ही भर नको म्हणून अल्कोआ कंपनीचे रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी पाणी तपासले, तेव्हा त्यात फ्लोराइड भरपूर सापडले. धंद्याची अब्रू राखण्यासाठी केलेली तपासणी शास्त्राच्या कामी आली.

त्यानंतर डॉ. ट्रेंडली डीन यांनी 21 शहरांतील 7,257 मुलांचे दात तपासले. एक लिटर पाण्यात सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल, तर कीड पुष्कळ कमी आणि डाग नाममात्र, असा हिशेब निघाला. हजार लिटरच्या टाकीत अवघा एक ग्रॅम! 25 जानेवारी 1945 रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने जगात प्रथमच नळाच्या पाण्यात हे प्रमाण जाणीवपूर्वक मिसळले. तुलनेसाठी शेजारचे मस्कीगन शहर तसेच ठेवले होते. अकरा वर्षांनी, योजना सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या ग्रँड रॅपिड्सच्या मुलांतील कीड साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. मस्कीगनने मात्र तेवढी वाट पाहिली नाही आणि 1951 मध्येच फ्लोराइड सुरू केले. कोणत्या आईबापांनी पाहिली असती?

याचे कारण सोपे आहे. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताच्या कवचातील खनिज विरघळते. फ्लोराइड ती झीज भरून येण्यास साहाय्य करते.

तथापि सर्वांच्या पाण्यात एखादे द्रव्य मिसळण्याचा अधिकार नगरपालिकेस कोणी दिला, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत उभाच आहे, आणि तो हट्टाग्रह म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. कॅनडातील कॅल्गरी शहराने 2011 मध्ये फ्लोराइड बंद केले. सात-आठ वर्षांनी दुसरीच्या मुलांची तपासणी झाली, तेव्हा कॅल्गरीत 64.8 टक्के मुलांना कीड होती, तर फ्लोराइड चालू ठेवणाऱ्या एडमंटनमध्ये 55.1 टक्के. 2021 मध्ये नागरिकांनी मतदानाने कौल दिला आणि 2025 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी मात्र ते बंद केले. आता फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघरी पोहोचल्याने पाण्यातील फ्लोराइडचा लाभ पूर्वीपेक्षा बराच कमी उरला आहे, असे 2024 च्या कॉक्रेन आढाव्याने दाखविले. तसेच लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड आणि मुलांची घटलेली बुद्धी यांचा संबंध त्याच वर्षी अमेरिकेच्या शासकीय विषशास्त्र संस्थेने नोंदविला.

आपल्याकडे तर बाजू उलटी आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. तेथे मुलांचे दात डागाळतात आणि पुढे हाडे व सांधेही जखडतात. भारतीय मानकानुसार लिटरमागे एक मिलिग्रॅम हे प्रमाण स्वीकारार्ह आहे आणि अन्य पाणी नसेल तर दीडपर्यंत चालते. तुरटी व चुना वापरून जादा फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा' पद्धत नागपूरच्या 'नीरी' संस्थेनेच विकसित केली.

आपल्या घरांत पाणी गाळून, उकळून पिण्याची परंपरा आहे. जीवरक्षेसाठी आणि आरोग्यासाठीही ती उत्तमच आहे. परंतु गाळण्याच्या कापडातून फ्लोराइड सुटत नाही आणि उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण किंचित वाढते. म्हणून ज्यांच्या घरी विंधन विहिरीचे पाणी आहे, त्यांनी ते प्रयोगशाळेत एकदा अवश्य तपासून घ्यावे. तीन वर्षांखालील बालकास टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच द्यावी. ती गिळू न देता थुंकावयास शिकवावे, आणि रात्री दात घासल्यावर पेढा-बर्फी देऊ नये, आजी-आजोबांनीसुद्धा.