शिसम, जोधपूर आणि दहा किलोंची गोष्ट

आजीच्या घरातलं ते काळंभोर शिसवी कपाट आठवतंय? आज त्याच्या चुलतभावाची गोष्ट सांगतो. नाव शिसम, गाव जोधपूर.

गंमत बघा. जोधपूर वाळवंटाच्या दारात. तिथे ना घनदाट जंगल, ना जवळ बंदर. शिसम येतं उत्तर भारतातून, आणि तयार माल कंटेनरमध्ये भरून निघतो गुजरातच्या मुंद्रा बंदराकडे. तरीही लाकडी फर्निचरच्या निर्यातीत या शहराचं मोठं नाव. हे जमलं कसं?

सुरुवात झाली जुन्या वस्तूंपासून. हवेल्यांचे दरवाजे, झरोके, पेट्या परदेशी खरेदीदार उचलून न्यायचे. पण जुनी हवेली काही रोज मिळत नाही! मग कारागिरांनी तसाच दिसणारा नवा माल बनवायला घेतला. बासनी, बोरानाडा भागात कारखाने उभे राहिले. सुतार, कोरीवकाम करणारे, पॉलिशवाले, पॅकिंगवाले. एका टेबलामागे किती हात!

आणि मग आलं 2017. शिसव, शिसम ही सगळी डालबर्जिया घराण्यातली झाडं. जगभर यातल्या दुर्मिळ झाडांची तस्करी चालते. कापलेलं लाकूड बघून कस्टमवाल्याला जात ओळखणं अवघड. म्हणून 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने अख्खं घराणंच यादीत टाकलं. आपलं शिसम दुर्मिळ नव्हतं, शेताच्या बांधावरही लावतात ते. पण ओल्याबरोबर सुकंही जळलं.

10 किलोंवरच्या प्रत्येक खेपेला परवाना लागू लागला. सरकारी अंदाजानुसार शिसमच्या वस्तूंची निर्यात वर्षाला 1000 कोटी रुपयांवरून 500-600 कोटींवर आली. सुमारे 50,000 कारागिरांच्या पोटावर पाय आला.

नोव्हेंबर 2022 मध्ये पनामाच्या बैठकीत भारताने हा मुद्दा लावून धरला. ठरलं असं की 10 किलोंची मर्यादा अख्ख्या खेपेला नाही, एकेका वस्तूला लावायची. वजनही फक्त लाकडाचं धरायचं, पितळ-लोखंड सोडून. म्हणजे हजार फोटोफ्रेम एकत्र पाठवा, 'साइट्स'चा परवाना नको! पण जेवणाचं टेबल, पलंग? त्यांना कागद लागतोच. आंब्याच्या लाकडाला मात्र ही अडचण नाही, ते या यादीत नाही.

गोष्ट इथे संपत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेलं. आणि जोधपूरचं मोठं गिऱ्हाईक कोण? अमेरिकाच!

जंगल वाचायलाच हवं, त्यात वाद नाही. पण नियमातला एक शब्द, 'खेप' की 'वस्तू', हजारो घरांची चूल ठरवतो. पुढच्या वेळी फर्निचर घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: "दादा, लाकूड कुठलं?"