बाळ आणायचं, पण बसायचं कुठं?

गटातली एखादी बाळंत झाली की वहीत तिची सही सहा-सहा महिने दिसत नाही. हप्ता सासूबाई आणून देतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "लहान लेकरू, गर्दीत कुठं आणायचं?" आणि मग लग्नसराईत तीच आम्हाला दिसते, अडीच महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन डीजेसमोरच्या खुर्चीत. कारण भावकीचं लग्न चुकवता येत नाही, बैठक चुकवता येते.

आमचं म्हणणं, बाईने घरात कोंडून घेऊ नये. चार बायकांत बसलं की बाळंतिणीचा जीव हलका होतो. फक्त जागा आणि वेळ तिने ठरवावी.

आधी आवाजाचं बोलू. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी कायद्याची मर्यादा आहे. डीजेजवळ आवाज शंभराच्याही वर जातो. बाळाच्या कानाची नळी बारीक, म्हणून तोच आवाज त्याच्या पडद्यावर आपल्यापेक्षा जोरात आदळतो. कापसाचा बोळा किंवा कानटोपी तो अडवत नाही. "बघा, कसं गाढ झोपलंय" म्हणतात, पण झोपलं म्हणून कान वाचतो असं नाही. साधी खूण सांगतो: शेजारणीशी ओरडून बोलावं लागलं, तर उठायचं. मागच्या रांगेत नाही, मांडवाबाहेर जायचं.

आपल्या श्रीरामपुरात निमित्तं कमी नाहीत. रामनवमीची यात्रा, सप्टेंबरात हरेगावची मतमाउली, श्रावणात सराला बेटाचा सप्ताह. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे जाणंही वाढलंय. (चांगलंच आहे ते!) लसीचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. तेवढे होईपर्यंत दाटीवाटीची गर्दी टाळलेली बरी. गोवराची लस तर नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, म्हणून अंगावर पुरळ किंवा ताप असलेलं मूल शेजारी असेल तर जागा बदला. जायचंच तर सकाळी लवकर जा, तासाभरात परता. अंगावर पाजायला आडोसा कुठं आहे ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं, हलवा, शेंगदाणे, उसाचे करवे टाकतात. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि शेंगदाणा घशात अडकायला क्षण पुरतो. लहानग्यासाठी नुसते चुरमुरे थोडे उधळा, लगेच झाडून घ्या. फोटोत काही फरक दिसत नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे पापे. बाळ या हातातून त्या हातात फिरतं, सर्दी झालेली मावशीही तोंडाला तोंड लावते. सुनेने अडवलं तर "फार शिकलेली" असा शेरा बसतो. म्हणून ते तिच्यावर सोडायचं नाही. आमच्या गटांत आता शेजारी बसलेल्या बाईनेच हसत म्हणायचं ठरलंय, "मावशी, पापा पायाचा घ्या, आणि आधी हात धुऊन या." आजीने म्हटलं तर आणखी बरं, तिच्यापुढे कोणी बोलत नाही.

बैठकीला येताना बाळाचं दुपटं तेवढं आणा. झोळी बांधायला साडी आणि दोरी आमच्याकडे आहे. बाळ रडलं तर हिशेब थांबेल, थांबू द्या.