प्रोसेसर म्हातारा कधी होतो?

मी निवृत्त झाल्यापासून महूला राहतो. ओळखीतल्या लोकांचे फोन येतात, कुणी बडोद्याहून, कुणी हैदराबादहून, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो : "सर, प्रोसेसरची नवी पिढी येतेय म्हणतात. आत्ता डेस्कटॉप घेऊ, की थांबू?" मी उलट विचारतो, आज तुमचं कुठलं काम अडलंय? बऱ्याच वेळा फोनवर शांतता पसरते.

मी चिप बनवणारा इंजिनिअर नाही. नोकरी सिग्नल्समध्ये झाली, म्हणजे दुसऱ्याने बनवलेली यंत्रं चालू ठेवण्यात. त्यामुळे आजचं बोलणं वापरणाऱ्याच्या बाजूने आहे.

"थांबू का" हा प्रश्न एके काळी अगदी बरोबर होता. मार्च १९९३ मध्ये पेंटियम आला तेव्हा त्याचा वेग होता ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ. २००४ च्या अखेरीस पेंटियम ४ पोचला ३.८ गिगाहर्ट्झवर. अकरा वर्षांत सत्तावन्न पट! त्या काळात वर्ष-दीड वर्ष कळ काढली, तर त्याच पैशात कितीतरी वेगवान मशीन मिळायचं. तो हिशेब आपल्या पिढीच्या डोक्यात पक्का बसला आहे.

पण २००४ सालीच इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. कारण उष्णता. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला व्होल्टेजही कमी लागतं, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले तरी चिप जास्त तापत नाही, हा नियम रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडला होता. २००५ च्या आसपास तो चालेनासा झाला. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, व्होल्टेज मात्र त्या प्रमाणात उतरेना. आता पुढचा आकडा बघा. २०२४ मध्ये आलेला इंटेलचा १४९००केएस जास्तीत जास्त ६.२ गिगाहर्ट्झला जातो. वीस वर्षांत दुप्पटसुद्धा नाही. एका ठोक्यात होणारं काम भरपूर वाढलं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसतं थांबून फुकटात मिळणारा वेग तेव्हाच संपला.

मग कंपन्यांनी कोर वाढवले. इथे आमच्या फौजी लोकांना पटकन समजेल असं उदाहरण देतो. कॉन्व्हॉय निघालाय आणि वाटेत एकेरी बेली ब्रिज आहे. गाड्या पन्नास असोत की शंभर, पुलावरून एका वेळी एकच जाणार. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. कामाचा पाव हिस्सा जर एकामागून एकच होऊ शकत असेल, तर कितीही कोर लावा, चौपटीच्या पुढे जाता येत नाही. व्हिडिओ एक्सपोर्ट करणं हे मोकळ्या मैदानातलं काम, तिथे सोळा कोर खरोखर कामाला येतात. टॅलीमध्ये नोंद करणं, पासबुक छापणं, पोर्टलवर अर्ज भरणं, ही पुलावरची कामं. तिथे आठाचे सोळा कोर केले तर दुकानदाराचं भलं होतं.

आमच्याकडे माजी सैनिकांसाठी एक मदतीची खोली चालते. स्पर्श पोर्टलवरची पेन्शनची कामं, हयातीचा दाखला, वीरनारींचे अर्ज, हे सगळं तिथे होतं. सहा डेस्कटॉप. पैसा पेन्शनरांच्या वर्गणीतला. २०२५ च्या उन्हाळ्यात एका दुकानदाराने सहाही मशीन बदलायचं अंदाजपत्रक दिलं, तीन लाखांच्या वर. खोली सांभाळणारे आमचे सुभेदारसाहेब म्हणाले, "साहेब, तो म्हणतो प्रोसेसर म्हातारे झालेत." मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, म्हातारे आपणही झालोत. आधी तपासणी करू."

फौजेत गाडी नवं मॉडेल आलं म्हणून मोडीत निघत नाही. बोर्ड बसतं, गाडी तपासतं, आणि दुरुस्तीचा खर्च परवडण्यापलीकडे गेला असेल तरच कागदावर बी-ई-आर लिहिलं जातं. आम्ही तसंच बोर्ड बसवलं. प्रत्येक मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि रोजचं काम करायला लावलं. प्रोसेसर वीस टक्क्यांच्या आसपास आणि हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर. रॅम चार जीबी, तीही गच्च भरलेली. म्हणजे म्हातारा बिचारा रिकामा बसला होता, सामान पोचवणारा दमला होता.

एका मशीनचा मदरबोर्डच गेला होता, ते बी-ई-आर. उरलेल्या पाचांना एसएसडी आणि आठ-आठ जीबी रॅम वाढवली. त्यातली दोन आठव्या पिढीची होती. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. बायोसमध्ये टीपीएम बंद होतं, ते चालू केल्यावर दोन्ही विनामूल्य विंडोज ११ वर गेली. अंगठ्याचं यंत्र त्यांनाच जोडलं. बाकी तीन सहाव्या पिढीची, त्यांच्यावर लिनक्स टाकलं, कारण तिथे ब्राउझर आणि प्रिंटर एवढंच लागतं. सुभेदारसाहेबांना आठवडाभर कटकट वाटली, मग सवय झाली. एक नवं मशीन धरून सगळा खर्च साठ हजारांच्या आत बसला. वाचलेला पैसा वर्गणीदारांचा होता, म्हणून हे एवढं सविस्तर सांगितलं.

टास्क मॅनेजर वाचताना एक जागा फसवी आहे. आठ धाग्यांच्या प्रोसेसरवर तुमचं सॉफ्टवेअर एकाच धाग्यावर चालत असेल, तर आकडा दिसतो बारा-तेरा टक्के, आणि आपण म्हणतो प्रोसेसर मोकळा आहे. प्रत्यक्षात एक जण राबतोय आणि सात बघतायत. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवा, मग खरं चित्र दिसतं. असं असेल तर जास्त कोर घेऊ नका, एका कोरची ताकद जास्त असलेला प्रोसेसर घ्या.

आणि त्याआधी कॅबिनेट उघडा. आपल्याकडची धूळ आणि मे महिना! पंख्यात कापूस साचलेला असतो, थर्मल पेस्ट वाळलेली असते. तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. ब्लोअर आणि पेस्टची एक ट्यूब, एवढ्याने "जुनं" मशीन तरतरीत झालेलं मी पाहिलं आहे.

बदलायची खरी कारणं कोणती, तेही बोलू. एक म्हणजे सुरक्षा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं आणि ज्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, ते कितीही पळत असलं तरी त्यावर पासवर्ड टाकू नये. तिथे विंडोज ११, लिनक्स किंवा नवं मशीन, काहीतरी कराच. दुसरं म्हणजे पोटापाण्याचं काम. मुलगी व्हिडिओ एडिटिंग करते आणि रोज दोन तास एक्सपोर्टची वाट बघते, तर तिला नवा प्रोसेसर आजच घेऊन द्या, पुढच्या पिढीची वाट पाहू नका.

नवं घेताना मी प्रोसेसरच्या आधी सॉकेट बघतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये पहिला रायझन आला, आणि त्या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर बायोस अपडेट करून ५००० मालिकेचे प्रोसेसरही चालले. इंटेलने २०१७ मध्येच आठवी पिढी आणली, ती दिसायला त्याच सॉकेटची, पण आधीच्या बोर्डांवर चालवायला परवानगी नाही. पुढे १२, १३ आणि १४ या पिढ्या एका सॉकेटवर आल्या आणि २०२४ च्या कोअर अल्ट्राला पुन्हा वेगळं सॉकेट. एएमडीने एएम५ ला किमान २०२७ पर्यंत चालवण्याचं म्हटलं आहे. हप्त्याहप्त्याने मशीन सुधारणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

जुन्या बाजारातून तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या दर्जाचा इंटेल घेत असाल तर सावध. २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं की या प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं. त्यावर मायक्रोकोडचा अपडेट आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण आधीच बिघडलेली चिप अपडेटने सुधारत नाही. आधीच्या मालकाने बायोस कधी अपडेट केलं, हे विचारा. शिवाय १४९००के पूर्ण जोरावर २५३ वॅट ओढतो. घरातला छोटा यूपीएस त्यापुढे किती टिकेल?

पुढे काय येणार, याची दिशा दिसते आहे. एका मोठ्या चिपऐवजी छोट्या चिपांची जोडणी, जी एएमडीने २०१९ पासून रायझनमध्ये आणली. प्रोसेसरवर कॅशचा मजला चढवणं, जे २०२२ च्या ५८००एक्स३डी मध्ये झालं आणि गेम खेळणाऱ्यांना आवडलं. मोठे आणि छोटे कोर एकत्र, जे इंटेलने २०२१ मध्ये आणले. आणि आता एआयसाठी एनपीयू. एनपीयूवर "भविष्याची तयारी" म्हणून जास्त पैसे टाकायला मी आज तयार नाही. तुमचं रोजचं एखादं सॉफ्टवेअर तो वापरत असेल तर गोष्ट वेगळी.

आत्ता घेणाऱ्यांना मात्र एक अडचण आहे, आणि ती प्रोसेसरची नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, कारण एआयची डेटा सेंटर्स मेमरी उचलतायत. मायक्रॉनने डिसेंबरमध्ये क्रुशियल हा ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एएम५ वर जायचं म्हणजे डीडीआर५ विकत घेणं आलं. तुमच्याकडे एएम४ चा बोर्ड आणि धड डीडीआर४ रॅम असेल, तर ती ठेवा, फक्त प्रोसेसर बदलून ५००० मालिकेतला बसवा. बायोस मात्र आधी अपडेट करा, जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी.