फुकटच्या चिठ्ठीचा हिशेब

(डॉक्टर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी अर्थशास्त्राचा मास्तर. औषधांच्या चिठ्ठीविषयी बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. पण गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने मला या विषयात ओढले. न्यूयॉर्कमध्ये दोन डॉक्टरांचा त्याचा लहानसा दवाखाना आहे. काही अपवाद सोडता चिठ्ठी संगणकावरूनच औषधविक्रेत्याकडे पाठवली पाहिजे, असा त्या राज्यात 27 मार्च 2016 पासून कायदा आहे. "काका, एक सेवा दरमहा वर्गणी घेते, दुसरी जवळजवळ फुकट मिळते. तुम्ही असता तर कोणती घेतली असती?" असे त्याने दूरध्वनीवर विचारले. मी म्हणालो, "फुकट देणाऱ्याची चूल कशावर पेटते, ते आधी शोधून काढ."

हा प्रश्न खवचट नव्हता. प्रॅक्टिस फ्यूजन नावाच्या कंपनीने आपली प्रणाली हजारो लहान दवाखान्यांना विनामूल्य दिली होती. तिची मिळकत जाहिरातींतून होई. पुढे तिने एका औषध कंपनीकडून सुमारे 10 लाख डॉलर घेतले आणि रुग्ण समोर बसलेला असताना डॉक्टरच्या पडद्यावर वेदनेविषयी सूचना उमटू लागली. डॉक्टरला तो वैद्यकीय सल्ला वाटे; प्रत्यक्षात ती सूचना रचण्यात औषध कंपनीच्या विक्री विभागाचा हात होता, आणि हेतू होता अफूवर्गीय वेदनाशामकांचा खप वाढवण्याचा. जानेवारी 2020 मध्ये प्रॅक्टिस फ्यूजनने 14.5 कोटी डॉलर भरून खटले मिटवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्ड्यू फार्माने न्यायालयात ज्या गुन्ह्यांची कबुली दिली, त्यांत या लाचेचाही समावेश होता. आपल्याकडे औषध कंपनीचा प्रतिनिधी बॅग घेऊन दारात उभा राहतो. तो निदान दिसतो तरी!

मग पैसे मोजले की डॉक्टर सुटला काय? तसेही नाही. चिठ्ठी लिहिण्याचे सॉफ्टवेअर विकणारे पुष्कळ आहेत, पण ती औषधविक्रेत्यापर्यंत नेणारा रस्ता बहुतांशी एकाच कंपनीच्या हाती आहे. शुअरस्क्रिप्ट्स हे तिचे नाव. औषधविक्रेत्यांनी उभारलेले एक जाळे आणि औषधविम्याचा कारभार पाहणाऱ्या कंपन्यांनी उभारलेले दुसरे, यांच्या 2008 मधील विलीनीकरणातून ती आजच्या रूपात आली. एप्रिल 2019 मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने तिच्यावर मक्तेदारीचा दावा लावला. बाजाराचा किमान 95 टक्के हिस्सा तिच्याकडे आहे, आणि 'आमच्याशीच एकनिष्ठ राहाल तर सवलत' अशा करारांनी ती प्रतिस्पर्ध्यांना उभेच राहू देत नाही, असा आयोगाचा आरोप होता. 2023 मध्ये तडजोड झाली आणि असे करार करण्यावर बंधने आली. म्हणजे माझ्या पुतण्यापुढे दुकाने अनेक होती, पण सगळ्यांचा माल एकाच पुलावरून जाणार होता.

तेव्हा निवड करायची ती कराराचा कागद वाचून. मी त्याला चार-दोन गोष्टी विचारायला सांगितल्या. पडद्यावरच्या सूचना कोण लिहितो आणि त्यासाठी पैसे कोण देतो? रुग्णांच्या नोंदी, नाव काढून का होईना, तिसऱ्याला विकल्या जातात काय? सेवा सोडताना त्या नोंदी वापरता येतील अशा रूपात परत मिळतील काय, आणि त्याचे वेगळे शुल्क किती? नियंत्रित औषधांसाठी दुहेरी ओळखपडताळणी लागते, तिचा खर्च वर्गणीत धरला आहे की नाही? फुकट म्हणवणाऱ्या सेवेत हाच आकडा मागाहून निघतो.

एक प्रश्न मात्र त्याने स्वतः काढला, आणि तो माझ्या सगळ्या प्रश्नांहून मोलाचा होता. चिठ्ठी पाठवता येते, पण रद्द करता येते काय? डॉक्टरने रक्त पातळ करणारे औषध थांबवले आणि तो निरोप दुकानापर्यंत पोहोचलाच नाही, तर जुन्या चिठ्ठीवर ते औषध रुग्णाला मिळतच राहते. तशा निरोपाची सोय मानकात आहे, पण ती डॉक्टरच्या आणि औषधविक्रेत्याच्या, अशा दोन्ही प्रणालींत चालू असावी लागते.

अखेर त्याने वर्गणीची सेवा घेतली. नोंदी परत देण्याचे कलम करारात घालून घ्यायला त्याला सहा आठवडे भांडावे लागले. रद्द केलेल्या चिठ्ठ्यांच्या बाबतीत मात्र तिथली परिचारिका अजूनही दर शुक्रवारी औषधविक्रेत्यांना दूरध्वनी करते.