माळवदाच्या घरांतील कुजलेला खांब

धाराशिव जिल्ह्यांतील जुन्या गांवांत माळवदाचीं घरें अद्याप आढळतात. दगडमातीची रुंद भिंत, लांकडी खांब व तुळया, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. छत भिंतीवर टेकलें आहे असें पाहणारास वाटतें; परंतु बऱ्याच घरांत तो भार खांबांवर असतो, भिंत केवळ आडोशाची. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटें भूकंपानें हें फार निष्ठुरपणें दाखविलें. सास्तूर आणि लोहारा-उमरगा भागांतील अनेक गांवीं भिंती ढांसळून निजलेलीं माणसें गाडलीं गेलीं. कित्येक ठिकाणीं लांकडी सांगाडा मात्र उभा राहिला.

सोप्यांतला मोकळा खांब दगडी उथळ्यावर कोरडा राहतो. भिंतींत चिणलेला खांब आंतल्या आंत कुजतो. पन्हाळ तुंबली, कीं माळवदावरचें पाणी भिंतींत मुरतें. त्यावर हल्लींच्या हौशीप्रमाणें सिमेंटचा गिलावा चढविला, तर ओल बाहेर पडावयास वाटच उरत नाहीं. ओल्या लांकडांत बुरशी वाढते, मागोमाग वाळवी येते. गिलावा मात्र गुळगुळीत. समुद्रावरच्या जुन्या फायबरच्या होडीचेंहि असेंच होतें. जिला इंजिन अडकवितात, त्या मागच्या फळीच्या पोटांत लांकूड असतें. छिद्रांतून पाणी शिरतें आणि कवच शाबूत असतां आंत भुगा होतो.

जाणता सुतार प्रथम हातोडीनें ठोकून पाहतो. आवाज बद्द आला, तर आरी टोंचावी. दुरुस्तीपूर्वीं त्या खणावरची माती उतरवून तुळईस दोहों बाजूंनीं भक्कम धिरे द्यावे. येथें घाई करणारा जिवावर उदार होतो. मग भिंत बेतानें उकलून कुजका भाग कापावा, आणि त्यावरचें निरोगी दिसणारें लांकूडहि वीतभर काढावें. बुरशीचे तंतु दिसतात त्याहून पुढें गेलेले असतात. कित्येकांस हा अपव्यय वाटतो; तसा तो नाहीं. वाळलेल्या सागाचा तुकडा अर्ध्यास अर्धा बसवून, बोल्टांनीं आवळून जोडावा व खालीं उथळें द्यावें. खांब व तुळई यांच्या कोनांत तिरपे आधार दिले, तर भूकंपांत सांगाडा डुलून पडण्याचें भय बरेंच कमी होतें.

भिंत बुजवितांना खांबाभोंवतीं बोटभर जागा मोकळी ठेवावी. गिलावा मातीचा किंवा चुन्याचा करावा. वर्षानुवर्षें भर पडून जाड झालेला मातीचा थर पुन्हा तेवढाच चढवूं नये. तो पातळ व उताराचा असावा, आणि पन्हाळ मृगापूर्वीं मोकळी व्हावी.