हलाखीतून सार्वजनिक कार्याकडे : धाराशिव जिल्ह्यातील स्त्रियांचा अनुभव

गरिबीत वाढलेल्या माणसाला पुढे दुसऱ्याच्या गरिबीचा कळवळा आपोआपच येतो, अशी समजूत समाजात रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. ओढगस्तीत गेलेले बालपण माणसाला जसे संवेदनशील करते, तसेच ते त्याला केवळ स्वतःच्या सुटकेपुरते पाहायलाही लावू शकते. प्रस्तुत विवेचनात करुणा हा शब्द दुसऱ्याचे दुःख ओळखून ते दूर करण्याची जबाबदारी पत्करणारी वृत्ती, या अर्थाने योजला आहे. सोसलेल्या अभावाला संघटनेची आणि निर्णयाच्या अधिकाराची जोड मिळाली, तरच त्यातून अशी करुणा आणि तिच्यामागून कृती उभी राहते, हे धाराशिव जिल्ह्यातील स्त्रियांनी गेल्या तीस वर्षांत दाखवून दिले आहे.

या जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणप्रवण, म्हणजे पाऊस वारंवार दगा देणारा आहे, आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेल्या ज्या आकांक्षित जिल्ह्यांची निवड केली, त्यांत महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशीम व गडचिरोली यांच्याबरोबर त्याचाही समावेश होता. खरीप हातचा गेला की घर कर्जात जाते, मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेऊन अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. अशा घरात वाढलेल्या मुलीला दाणे किती दिवस पुरतील, उसनवारी कोणाकडे करता येईल, आजारपणात घरातले आधी काय विकले जाईल, याचे बारीक ज्ञान कोवळ्या वयातच होते. हे ज्ञान दारिद्र्यनिर्मूलनाच्या कोणत्याही योजनेला अमोल ठरावे असे आहे. परंतु जमीन पुरुषाच्या नावावर आणि पेरणीचा निर्णयही त्याचाच, अशा व्यवस्थेत ते दीर्घकाळ चुलीपाशीच अडकून राहिले.

ही कोंडी फुटायला एक आपत्ती निमित्त ठरली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसांचा बळी घेतला. उमरगा-लोहारा भागातील अनेक गावे जमीनदोस्त झाली. त्यानंतरच्या घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात शासन आणि गावकरी यांच्यातील दुवा म्हणून गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले, आणि या रचनेत प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचा मोठा वाटा होता. एरवी चावडीची पायरी न चढलेल्या स्त्रिया अनुदानाची माहिती देऊ लागल्या, बांधकामावर देखरेख ठेवू लागल्या आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू लागल्या. घरे उभी राहिल्यावर हे संघटन विखुरले नाही. ते बचत गटांकडे, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम साठवून गरजेनुसार आपसांत कर्ज देणाऱ्या छोट्या मंडळांकडे वळले.

याच परंपरेत तुळजापूर तालुक्यातील गोदावरी डांगे यांचे नेतृत्व घडले. अल्पवयात झालेला विवाह आणि तरुणपणीच आलेले वैधव्य यांतून सावरत त्या बचत गटाच्या कामात आल्या आणि पुढे कोरडवाहू भागातील स्त्रियांच्या शेतीसाठी काम करू लागल्या. कुटुंबाच्या जमिनीतील सुमारे एक एकराचा तुकडा स्त्रीने स्वतःच्या निर्णयाने कसायला घ्यावा, त्यात एकाच नगदी पिकाऐवजी धान्य, कडधान्य व भाजीपाला ही मिश्र पिके घ्यावीत आणि सेंद्रिय निविष्ठा, म्हणजे खते व फवारण्या, घरीच तयार कराव्यात, असे या शेतीचे स्वरूप आहे. पाऊस कमी झाला तरी सगळीच पिके एकदम बुडत नाहीत आणि घरातल्यांच्या ताटात काहीतरी पडते. म्हणजे आधी अन्न आणि मग विक्री हा क्रम त्यात पाळला जातो, आणि उपासमारीची धास्ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना तो पटवून द्यावा लागत नाही. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या या कार्याला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांचे उदाहरणही याच अंगाने पाहावे लागते. मजुरी करणाऱ्या कुटुंबात वाढलेल्या या स्त्रीने बांगड्यांच्या विक्रीपासून सुरुवात करून कुक्कुटपालन व शेळीपालनाचा जम बसवला आणि तेच कसब इतर स्त्रियांना शिकवले. त्यांना 2017 सालचा नारी शक्ती पुरस्कार प्राप्त झाला. या कामाला जिल्ह्याच्या निसर्गाचीही साथ आहे, कारण उस्मानाबादी जातीची शेळी कोरड्या हवामानात तग धरते, बहुधा जुळी करडे देते आणि अडीअडचणीला चटकन विकता येते. व्यवसायात यश मिळालेली व्यक्ती आपल्या कसबाची गुपिते जपून ठेवू शकते. ती शेजारणींपुढे मोकळी करणे, हीच येथे करुणेची कसोटी आहे. अणदूर येथे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून आरोग्यसेवेत उभे केले, तेव्हाही हेच तत्त्व प्रत्ययास आले : ज्या घराला रोजगार बुडवून दवाखाना गाठणे परवडत नाही, त्या घराची अडचण तशाच घरातून आलेल्या सेविकेला समजावून सांगावी लागत नाही.

या अनुभवावरून गरिबीचे गोडवे गाणे मात्र घोर अन्यायाचे होईल. एका गोदावरीताईंमागे अशा असंख्य स्त्रिया आहेत की ज्यांच्या ठायी तेवढीच समज आणि तेवढीच तळमळ असूनही त्यांना गट लाभला नाही, भांडवल लाभले नाही, की कोणी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले नाही. म्हणून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना गावोगाव निष्ठेने राबवणे, बचत गटांना वेळेवर व पुरेसे कर्ज देणे आणि ग्रामसभेत पाणी, पीक व रोजगार यांविषयी ठरवताना ज्यांनी दुष्काळ अंगावर काढला आहे त्या स्त्रियांना निर्णयाचा अधिकार देणे, ही समाजाची व शासनाची तातडीची कर्तव्ये ठरतात. अभाव कोणाच्याही वाट्याला येऊ नये, यासाठीच ज्यांनी तो भोगला त्यांच्या शहाणपणाला धोरणात स्थान मिळाले पाहिजे.